फ्यूशिया रंगामागचे आडनाव

‘फ्यूशिया’ हे रंगाचे नाव एका जर्मन माणसाच्या आडनावावरून पडले हे खरे आहे का, आणि त्याचे इंग्रजी स्पेलिंग इतके आडवळणाचे का, असे आपण विचारले आहे. हे खरे आहे, आणि स्पेलिंगचे कोडेही त्यातच सुटते. ते आडनाव ‘फुक्स’. एफ-यू-सी-एच-एस ही पाच अक्षरे जशीच्या तशी त्या आडनावाची आहेत. उच्चार तेवढा इंग्रजीने आपल्या वळणावर नेला.

जर्मनमध्ये फुक्स म्हणजे खोकड, ज्याला आपण सैलपणे कोल्हाही म्हणतो. तांबूस केसांच्या किंवा धूर्त माणसाला लोकांनी ठेवलेले हे नाव पुढे आडनाव झाले. इंग्रजी ‘फॉक्स’ आणि डच ‘व्होस’ ही त्याचीच भावंडे असून, या सर्वांचे मूळ अनेक भाषाशास्त्रज्ञ आपल्या ‘पुच्छ’ या शब्दाशी जोडतात.

लिओनहार्ट फुक्स (१५०१–१५६६) हे ट्युबिंगेन विद्यापीठातले वैद्यकाचे प्राध्यापक. १५४२ साली बाझल येथे छापलेल्या त्यांच्या वनस्पतिग्रंथात पाचशेहून अधिक चित्रे आहेत आणि ती प्रत्यक्ष झाडे समोर ठेवून काढलेली आहेत. मला त्यांची खरी थोरवी यातच वाटते. त्या ग्रंथात मिरचीही आहे, मात्र अमेरिकेतून आलेल्या या झाडाला त्यांनी ‘कालिकतची मिरी’ म्हटले, कारण ते हिंदुस्थानातले आहे असा त्यांचा समज होता.

फ्यूशियाचे झाड त्यांनी कधीच पाहिले नाही. शार्ल प्ल्युमिए या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाला ते कॅरिबियन बेटांवर सापडले आणि १७०३ साली त्याने फुक्स यांच्या स्मरणार्थ त्याला हे नाव दिले. त्या पहिल्या झाडाची फुले शेंदरी होती. आज साडीच्या दुकानात ज्याला फ्यूशिया किंवा राणी रंग म्हणतात, तो याच कुळातल्या दुसऱ्या जातींच्या फुलांचा.

पुढे १८५९ साली फ्रान्समधल्या लियाँ शहरात ‘फुक्सिन’ हा कृत्रिम रंग बाजारात आला. काहींच्या मते हे नाव फुलावरून पडले, तर काहींच्या मते तो विकणाऱ्या रेनार बंधूंवरून, कारण फ्रेंचमध्ये ‘रेनार’ म्हणजेही खोकड. दोन्ही कारणे एकाच वेळी खरी असणे मला अशक्य वाटत नाही. त्याच वर्षी झालेल्या माजेंता येथील लढाईवरून या रंगाला ‘मॅजेंटा’ हे दुसरे नाव मिळाले.

क्षयरोगाच्या थुंकी-तपासणीत काचपट्टीवर ओतून तापवतात ते ‘कार्बोल फुक्सिन’ याच रंगाचे द्रावण आहे. नंतर आम्लाने धुतल्यावर बाकी सर्व रंग निघून जातो, क्षयाचे जंतू मात्र तो सोडत नाहीत आणि निळ्या पार्श्वभूमीवर बारीक लाल काड्यांसारखे दिसतात.