किडे तर दिसतात, मग बिघडलं कुठे?

प्रश्न : सर, आमच्या देवराईला लागून असलेलं रान तोडून वडिलांनी काजू लावला. बागेत किडे-मुंग्या काही कमी नाहीत. बी काढताना हुमले (झाडावरच्या लाल मुंग्या) तर अंगभर चढतात. मग रान गेलं की किडे जातात म्हणतात, ते खरं का? – एक बागायतदार, दोडामार्ग

उत्तर : हुमल्यांचं अख्खं घरटं एकदा माझ्या मानेवर पडलंय, तेव्हा तुमच्या तक्रारीत मी सामील आहे. पण त्यांच्या गर्दीवर जाऊ नका. हुमले ऊन सोसतात, झाडावरच पानं शिवून राहतात. खाली पातेरा (गळालेली पानं) असो-नसो, त्यांचं अडत नाही. बाग त्यांना मानवते. (जाळू मात्र नका, मोहोरावरच्या ढेकण्या किडीला तेच हुसकावतात.)

आता जुलैत देवराईत जाऊन ओला पातेरा उलटा. नशीब असेल तर सुपारीएवढा गुळगुळीत गोळा मिळेल. तळहातावर घेऊन गप्प बसा. जरा वेळाने फट पडते, आधी मिशा डोकावतात, मग पायांची रांग. हा गोळी होणारा वाणी, म्हणजे बहुपायी पैसा किडा, आर्थ्रोस्फेरा. याचे जवळचे नातलग थेट मादागास्करात! कुजकी पानं हे त्याचं अन्न. अंगातली ओल धरून ठेवणं त्याला फारसं जमत नाही, चाल मंद आणि पंख तर नाहीतच. तुमच्या बागेत ऊन थेट जमिनीवर, बी वेचायला सोपं म्हणून तळ झाडलेला, पातेरा शेताच्या भाजावळीला गेलेला. तो खाणार काय आणि पळणार कुठे? सापडलाच तर देवराईच्या दगडी गडग्यालगत.

शेणकिड्यांतही बहुधा मोठे आधी जातात, बारके उरतात. गव्याचं शेण, त्यातल्या बियांसकट, खोल पुरायचं काम मोठ्यांचं. ते बारक्यांच्या झुंडीला पेलत नाही.

स्वतः बघायचं असेल तर दह्याचे दोन रिकामे डबे, एक देवराईत, एक बागेत, काठ जमिनीला समतल येईल असे पुरा. वर दगडांवर टेकवून करवंटी ठेवा. मी पहिल्यांदा ती ठेवली नव्हती. सकाळी डब्यात पाणी आणि एक खूश बेडूक. सकाळी बघून सगळ्यांना सोडून द्या. मला कळवताना नुसता आकडा नको. बिनपंखाचे किती, आणि सर्वांत मोठा केवढा, हेही लिहा.