स्टेनलेस स्टीलच्या धंद्याला पुढे दिवस कसे आहेत? नव्याने उतरावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इचलकरंजीत वडिलांचे यंत्रमाग बंद पडत आलेत, शेड आणि वीजजोडणी हाताशी आहे, 'स्टेनलेस स्टीलची मागणी वाढतेय' असं सगळीकडे वाचायला मिळतंय. तर पंचवीस-तीस लाख घालून यात उतरावं का? आणि उतरायचं तर भांडी, पत्र्याचा व्यापार की फॅब्रिकेशन?

मी बावीस वर्षं सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत स्टेनलेसच्या टाक्या, व्हेसल आणि पाइपिंगची कामं करतोय. त्यामुळे हे उत्तर वर्कशॉपच्या दारातून दिसतं तेवढंच आहे, शेअर घ्यावा की नाही ते मला विचारू नका.

मागणी वाढतेय हे खरंच आहे. २०२४ मध्ये जगात सव्वासहा कोटी टनांच्या आसपास स्टेनलेस वितळलं, त्यातलं साठ टक्क्यांहून जास्त एकट्या चीनमध्ये. त्याच्या खालोखाल आपण. जपानला आपण २०१६ मध्येच मागे टाकलं. तरी आपल्याकडे माणशी वापर वर्षाला तीन किलोच्या आगेमागे आहे आणि जगाची सरासरी त्याच्या साधारण दुप्पट. म्हणजे वाढायला जागा भरपूर. २०१८ पासून रेल्वेने जुन्या पद्धतीचे डबे बनवणं थांबवलं, आता एलएचबी या नव्या पद्धतीचे आणि वंदे भारतचे डबे स्टेनलेसचे असतात. मेट्रोचं बरंचसं तसंच. एप्रिल २०२५ मध्ये सुरू झालेल्या नव्या पांबन पुलात स्टेनलेसच्या सळया घातल्यात, कारण खाऱ्या हवेत साध्या सळईचं काय होतं ते आपल्या कोकणातल्या कुठल्याही जुन्या स्लॅबखाली उभं राहून बघता येतं.

पण ही वाढ टनांत आहे. तुमच्या शेडमध्ये पैसा राहतो की नाही हे किलोच्या भावावर ठरतं, आणि तो भाव आपल्या हातात नाही. तो निकेलच्या हातात आहे. या धंद्यात उतरण्याआधी एवढी एकच गोष्ट नीट समजून घ्या असं मी म्हणेन, म्हणून जरा तपशिलात सांगतो.

लोखंडात साडेदहा टक्क्यांच्या वर क्रोमियम गेलं की पृष्ठभागावर त्याच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर तयार होतो आणि गंज थांबतो. ओरखडा पडला तरी हवेतल्या ऑक्सिजनने तो थर परत धरतो. क्रोमियमची आपल्याला अडचण नाही, ओडिशातलं सुकिंदा खोरं त्यासाठी आहे आणि जिंदाल स्टेनलेसचा मोठा कारखाना त्याच जाजपूर जिल्ह्यात आहे. अडचण निकेलची. ३०४ ग्रेडमध्ये अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेल असतं. भारतात निकेल खाणीतून निघत नाही, ते भंगारातून किंवा बाहेरून येतं.

आता हिशेब करा. आठ टक्के म्हणजे ३०४ च्या एका किलोत ८० ग्रॅम निकेल. निकेल टनाला १६,००० डॉलर असेल तर त्या ८० ग्रॅमचेच १.२८ डॉलर झाले, म्हणजे शंभर-एकशेदहा रुपये. निकेल टनाला १०,००० डॉलरने वर-खाली झालं की तुमच्या पत्र्याचा भाव किलोमागे साठ-सत्तर रुपयांनी हलतो. मजुरीत आपण किलोमागे दोन-चार रुपयांसाठी भांडत असतो, हे लक्षात घ्या.

माझं स्वतःचं सांगतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये मी एका डेअरीच्या चार टाक्यांचं काम ठरलेल्या भावात घेतलं. साडेतीन टन ३०४ लागणार होतं. माल लगेच उचलायचा सोडून ॲडव्हान्स येईपर्यंत थांबलो. तेवढ्यात युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि ८ मार्चला लंडनच्या मेटल एक्स्चेंजवर निकेल काही वेळ टनाला एक लाख डॉलरच्या वर गेलं. चीनच्या त्सिंगशान या कंपनीने भाव पडणार म्हणून मोठे सौदे विकून ठेवले होते, ते अंगावर आले आणि सगळे खरेदीला धावले. एक्स्चेंजने व्यवहार थांबवले, त्या दिवशीचे सौदे रद्दसुद्धा केले. पण आमच्या व्यापाऱ्याने दिलेला भाव रद्द केला तो काही परत आला नाही. 'साहेब, माल आहे, पण रेट उद्या सांगतो', हे वाक्य त्या महिन्यात मी रोज ऐकलं. शेवटी किलोमागे पन्नास-साठ रुपये जास्त मोजून काम पुरं केलं, दोन लाखांच्या आसपास खिशातून गेले.

त्याहून मोठा मूर्खपणा पुढचा. घाबरून मी एप्रिलमध्ये पाच टन पत्रा भरून ठेवला. मे महिन्यात सरकारने पोलादाच्या निर्यातीवर पंधरा टक्के शुल्क लावलं, त्यात स्टेनलेसही होतं. बाहेर जाणारा माल देशातच फिरू लागला, तिकडे निकेलही उतरलं आणि माझा महागाचा पत्रा रॅकवर बसून माझ्याकडे बघत राहिला. नोव्हेंबरमध्ये ते शुल्क काढलं, तोवर मी अर्धा माल तोट्यात वापरून टाकला होता.

म्हणून पत्र्याचा व्यापार करू नका. मुंबईत गुलालवाडी, किका स्ट्रीट, सीपी टँक भागात तीन-तीन पिढ्यांच्या पेढ्या आहेत. त्यांच्याकडे भांडवल आहे, उधारी वसूल करायची माणसं आहेत आणि भाव उतरायच्या आधी माल काढायचं नाक आहे. पंचवीस लाखांत धड चौदा टन माल येणार नाही, आणि त्यातही गिऱ्हाईक नव्वद दिवसांची उधारी मागणार.

पुढे निकेलचं काय होईल? आज जगातलं निम्म्याहून जास्त निकेल इंडोनेशिया काढतं. जानेवारी २०२० पासून त्यांनी कच्च्या खनिजाची निर्यात बंद केली, 'निकेल हवं तर इथे येऊन भट्टी लावा' असं सांगितलं, आणि चिनी कंपन्या खरंच गेल्या. सुलावेसीवरच्या मोरोवालीत खनिजापासून थेट स्टेनलेसच्या कॉइलपर्यंत सगळं एकाच आवारात होतं. त्याच्याशी किमतीत भिडणं कुणालाच सोपं नाही. आपल्या जिंदाल स्टेनलेसनेही २०२३ मध्ये हालमाहेरा बेटावरच्या निकेल पिग आयर्न (निकेलवालं कच्चं लोखंड) प्रकल्पात ४९ टक्के वाटा घेतला, यावरून वारं कुठलं आहे ते कळेल. निकेल मुबलक झाल्याने २०२४-२५ मध्ये भाव बराच काळ टनाला पंधरा-सोळा हजार डॉलरवर रेंगाळला. पण एका देशाच्या मुठीत एवढं असलं की तिथल्या सरकारने खाणींचा कोटा आवळायची भाषा केली तरी कुपवाडात रेट बदलतो. स्वस्त राहील असं धरून कोटेशन देऊ नका.

आयातीवरचं भांडण तुम्ही वाचलं असेलच. मोठे कारखानदार म्हणतात चीन आणि इंडोनेशियाचा माल अनुदानावर येतो, शुल्क लावा. २०१७ मध्ये चिनी मालावर तसं शुल्क लागलंही होतं, २०२१ च्या अर्थसंकल्पात ते स्थगित झालं आणि पुढच्या वर्षी गेलंच. आमच्यासारखे छोटे म्हणतात शुल्क नको, पत्रा महाग होतो. मी कुठल्या बाजूचा? खरं सांगायचं तर पत्रा घेताना एका बाजूचा आणि ग्रेड तपासताना दुसऱ्या बाजूचा.

कारण या बाजारातला खरा रोग ग्रेडचा आहे. निकेल महाग म्हणून आपल्याकडे २०० मालिका फोफावली. तिच्यात निकेलच्या जागी मँगनीज घालतात. त्यातल्या २०२ ग्रेडमध्ये निकेल चार ते सहा टक्के, जे-फोर या ग्रेडमध्ये जेमतेम एक टक्का. जगाच्या सरासरीपेक्षा भारतात या मालिकेचा वाटा फारच मोठा आहे. त्यात वाईट काही नाही. घरातला डबा, ताट, रॅक, जिन्याचं रेलिंग जे-फोरमध्ये कोरड्या गावात वर्षानुवर्षं टिकतं. वाईट आहे ते जे-फोर देऊन ३०४ चं बिल करणं.

लोक चुंबक लावून बघतात. चुंबक चिकटलं नाही म्हणजे अस्सल, हा समज बोहारणीने जुन्या साड्यांवर पातेलं दिलं तेव्हापासूनचा आहे. पण २०० मालिकेलाही चुंबक चिकटत नाही, आणि ३०४ ला बेंड मारलेल्या कोपऱ्यात थोडं ओढतं. उलट खिशातलं एक रुपयाचं नाणं काढून लावून बघा, टपकन चिकटेल. ते निकेल नसलेलं, क्रोमियमवालं स्टेनलेस आहे आणि गंजत नाही. चुंबकाने फसवणूक पकडली जात नाही, उलट फसवणाऱ्याचंच काम सोपं होतं.

मी एकदा फसलोय. पनीरच्या मिठाच्या पाण्याची टाकी होती, व्यापाऱ्याने ३०४ चं टेस्ट सर्टिफिकेटही दिलं होतं. पाच महिन्यांत तळाला तपकिरी ठिपके, मग टाचणीएवढी भोकं. गिऱ्हाइकाने टाकी माझ्या दारात आणून टाकली. तपासलं तर निकेल एक टक्क्याच्या आसपास. खरं तर मीठ असताना मी ३१६ सुचवायला हवं होतं, त्यात दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं ते क्षाराला तोंड देतं. निम्मी चूक माझीच. तेव्हापासून प्रत्येक पत्र्याचा कोपरा तपासल्याशिवाय कटिंगला जात नाही. बॅटरी आणि थेंबाची किट हजार-दोन हजारांत मिळते, थेंबाचा रंग बदलला की मँगनीजवाला माल लगेच कळतो. शंका राहिली तर तुकडा लॅबमध्ये स्पेक्ट्रोला, म्हणजे यंत्रावर धातूंचं प्रमाण तपासायला, पाठवतो.

भांड्यांबद्दल. भाईंदरपासून हरियाणापर्यंत सर्कल (गोल कापलेला पत्रा) दाबून भांडी करणारे एवढे आहेत की नवीन माणसाला फक्त पॉलिशचा खर्च सुटेल. मार्च २०२४ च्या आदेशाने भांड्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं केलंय, चांगलंच केलं, पण त्याचा कागदोपत्री खर्च छोट्याच्या डोक्यावर. शिवाय सप्टेंबर २०२५ पासून भांड्यांवरचा जीएसटी पाच टक्क्यांवर आला आणि पत्र्यावर मात्र अठरा टक्केच आहे. गिऱ्हाइकाला बरं, पण पत्र्यावर तुम्ही जास्त भरलेल्या कराचा फरक परतावा मिळेपर्यंत अडकतो आणि खेळतं भांडवल त्यात जातं. लग्नाच्या रुखवतात नाव कोरलेली भांडी अजून लागतात, ती विकण्यात पैसा आहे. बनवण्यात फारसा उरलेला नाही.

राहिलं फॅब्रिकेशन, माझं मत तिकडे. पण तिथेही एकाच गिऱ्हाइकाच्या भरवशावर राहू नका. २०२१ नंतर आपल्या पट्ट्यात साखर कारखान्यागणिक इथेनॉलचे प्रकल्प उभे राहत होते, आमच्याकडे रात्रपाळी चालायची. ७ डिसेंबर २०२३ ला केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करायला मनाई केली. आठवड्यात थोडी सूट मिळाली, पण आमच्या चौकशा जानेवारीत जवळपास थांबल्या. डेअरीच्या कामांनी तारलं. गोकुळ, वारणा, चितळे यांचा हा मुलूख, दूध रोज निघतं आणि टाकी, पाइप, व्हॉल्व्हची दुरुस्तीही रोज निघते. दुरुस्तीला बिल लहान असतं, पण त्यात निकेल नसतं, मजुरी असते.

इचलकरंजीत तुम्हाला एक सोय आहे जी मला नव्हती. प्रोसेसिंग हाउस. रंगाई, ब्लीचिंगच्या यंत्रांत स्टेनलेसच असतं आणि तिथली रसायनं पत्रा खातात. वडिलांच्या ओळखीचे किती मालक असतील! त्यांच्या जिगर-मशीनच्या (कापड रंगवायच्या यंत्राच्या) गळक्या टाक्या आधी दुरुस्त करायला घ्या. कोटेशनमध्ये माल आणि मजुरी वेगवेगळी लिहा, मालाचा भाव सात दिवसांपुरता धरा, ऑर्डर आली की त्याच दिवशी ॲडव्हान्समधून पत्रा उचला. गरजेपेक्षा एक शीटही जास्त साठवू नका. कटिंगचं भंगार ३०४, ३१६ आणि २०० असं वेगळ्या पिंपात ठेवा, एकत्र केलंत तर भंगारवाला सगळ्याला सर्वांत खालचा भाव लावतो आणि ओरडायची सोय राहत नाही. साध्या लोखंडाचं ग्राइंडिंग त्याच शेडमध्ये करू नका, लोखंडाचा भुगा स्टेनलेसवर बसला की तो गंजतो आणि बोल तुमच्या पत्र्याला लागतो.

पंचवीस लाखांतले आठ-दहा यंत्रांत घाला: दोन टिग (आर्गन वेल्डिंगची) मशीन, प्लाझ्मा कटर, छोटं रोलिंग. बेंडिंग आणि लेझर बाहेरून करून घ्या, कोल्हापुरात आणि शिरोलीत भरपूर आहेत. बाकीच्या पैशांना हात लावू नका, पहिलं वर्ष उधारीत जातंच.

यंत्रांच्याही आधी आर्गन वेल्डर शोधा. आतल्या बाजूने गॅस देऊन पाइपचा सांधा निळसर न होऊ देता मारणारा माणूस आमच्या भागात बोटावर मोजण्याइतका आहे आणि त्याला पुण्याची फार्मा कंपनी जास्त देते. असा कुणी मिळाला, तर त्याच्याकडून दोन इंची पाइपचा एक सांधा मारून घ्या, मधोमध कापा आणि आतला फोटो इथे टाका. बघून सांगतो.