कॅराव्हॅन जवळून की लांबून? कागद आणि पहिला पावसाळा बघून ठरवा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावातला एक बॉडीवाला ट्रॅव्हलरच्या चेसिसवर (गाडीच्या सांगाड्यावर) सहा महिन्यांत कॅराव्हॅन, म्हणजे राहायची सोय असलेली गाडी, बांधून द्यायला तयार आहे. तशीच गाडी बेंगळुरूच्या एका डीलरकडं तयार उभी आहे आणि ती पावणेदोन लाखांनी स्वस्त आहे. घरात तुम्ही दोघं, दोन मुलं आणि गुडघेदुखीच्या सासूबाई. मग घ्यावी कुठून?

मी नऊ वर्षं कोल्हापुरातून कॅराव्हॅन घेऊन फिरतोय. पहिली हजार किलोमीटरवरून आणली होती, आत्ताची पुण्याकडून घेतली. पावणेदोन लाखांचा हिशोब आज बाजूला ठेवा. आधी कुणाचा कागद पक्का आहे ते बघा, आणि पहिल्या पावसाळ्यात छत गळलं तर गाडी कुणाच्या दारात न्यायची ते बघा.

आधी कागद. यात माणसं फसतात, आणि तीही चांगल्या कारागिरांच्या हातून. आपल्या गावाला लोखंड आणि पत्रा कळतो. शिवाजी उद्यमनगरात, शिरोलीत असे हात आहेत की नुसतं चित्र दाखवलं तर पलंग, कपाट, ओटा सफाईनं बसवून देतील. पण आरटीओत मंजुरी बघतात. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. त्यानुसार नमुना गाडी पुण्याच्या एआरएआयसारख्या अधिकृत चाचणी संस्थेकडून मंजूर करून घ्यावी लागते, आणि ती मंजुरी ठरावीक चेसिसच्या ठरावीक मॉडेलसाठी असते. प्रवासी गाडी घ्यायची, सीट काढायच्या, आत पलंग टाकायचा आणि आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) जुनंच वर्णन ठेवून फिरायचं, हे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला ५००० रुपये दंड आहे, सहा महिन्यांपर्यंत कैदेचीही तरतूद आहे. मला त्याहून मोठी भीती वाटते ती अपघाताची. गाडी आरसीप्रमाणे नाही असं कारण मिळालं तर विमा कंपनी दावा अडवू शकते, आणि तेव्हा आत तुमची मुलं बसलेली असतील.

म्हणून बॉडीवाल्याकडं मंजुरीपत्राची प्रत मागा. त्यावर तुमच्याच चेसिसचं मॉडेल आहे का, मंजुरी कुणाच्या नावावर आहे, हे शब्दन् शब्द वाचा. "पासिंगचं मी बघतो" एवढ्यावर टोकन देऊ नका. त्यांनी आधी पास करून दिलेल्या एका एमएच-०९ (कोल्हापूरच्या) गाडीचा नंबर मागून घ्या आणि सरकारच्या एमपरिवहन ॲपवर त्या गाडीचा वर्ग काय नोंदवलाय ते तपासा. त्या मालकाशी बोलता आलं तर फारच चांगलं. आणखी एक गोष्ट आत्ताच ठरवा. घरच्या वापराची कॅराव्हॅन (कागदावर कॅम्पर व्हॅन) बिगर-परिवहन वर्गात नोंदते. पुढं कधी भाड्यानं द्यायचा विचार असेल तर ती परिवहन वर्गात जाते, पाटी पिवळी होते आणि परमिट, फिटनेस सगळं बदलतं.

मंजुरी नसेल तर जवळचा कितीही ओळखीचा असला तरी नको. हे लिहिताना मला वाईट वाटतं, कारण आपल्या गावातल्या कारागिरीवर माझा जीव आहे.

आता पाऊस. माझी पहिली गाडी मी जानेवारीत आणली. चकचकीत होती, आतलं लाकूडकाम सुंदर. जूनच्या शेवटच्या आठवड्यात गगनबावड्याला मुक्काम केला. पहाटे तीनला बायकोच्या उशीवर पाणी. छतावरच्या व्हेंटच्या (हवेच्या झरोक्याच्या) कडेनं गळत होतं. विक्रेत्याला फोन केला, तर उत्तर आलं, गाडी घेऊन या, वॉरंटीत करून देतो. ते शब्दाला जागले, फुकट करून दिलं. पण हजार किलोमीटर जायचं, दोन दिवस तिथं थांबायचं, हजार किलोमीटर परत यायचं. ऑगस्टात पुन्हा गळलं. तिसऱ्यांदा गळलं तेव्हा मी गेलोच नाही. डिझेल, टोल आणि सुट्ट्या धरल्या तर लांबून घेताना वाचवलेला पैसा त्या दोन फेऱ्यांतच संपला होता.

शेवटी उद्यमनगरातल्या एका कारागिरानं व्हेंट पूर्ण उचकटून काढला तेव्हा कारण कळलं. रंगावर साधं सिलिकॉन भरलं होतं. रंगलेल्या पत्र्यावर ते नीट धरत नाही. गाडी हलते, ऊन-थंडीनं पत्रा पसरतो, आकसतो, आणि सिलिकॉनची कड सुटते. दोन्ही दुरुस्त्यांत त्याच सुटलेल्या सिलिकॉनवर नवं भरलं होतं, आणि जुन्या सिलिकॉनवर दुसरं काहीच चिकटत नाही. त्यानं सगळं खरवडून काढलं, फ्लँजखाली, म्हणजे व्हेंटच्या पसरट कडेखाली, ब्युटाईलची चिकट रबरी टेप टाकली, कडेनं पॉलियुरेथेन सीलंट लावलं. अर्ध्या दिवसाचं काम. त्यानंतर एकही थेंब आला नाही. पण तोवर प्लायवूड आतून कुजायला लागलं होतं, ते बदलायला जो खर्च आला तो वेगळाच.

कॅराव्हॅन म्हणजे रोज भूकंप सोसणारं घर. पहिल्या वर्षात काही ना काही सुटणारच: स्क्रू, पाण्याचा जोड, वायरचं टोक, खिडकीचं रबर. म्हणून विक्रेता सकाळी जाऊन रात्री परत येता येईल एवढ्या अंतरावर असावा, हा माझा नियम. पुणे सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, ते त्यात बसतं. बेंगळुरू सहाशेच्या आसपास, ते बसत नाही. तुम्ही दोनच पर्याय लिहिलेत, पण पुणे हा तिसराही तपासा असं मी आवर्जून म्हणेन.

वॉरंटीबद्दल डीलर एक शब्द वापरतात, पण एका गाडीत तीन वॉरंट्या असतात. इंजिन-चेसिसची वॉरंटी गाडीच्या कंपनीची. ती कोल्हापुरातल्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्येही चालते, गाडी कुठूनही घ्या. एसी, फ्रीज, इन्व्हर्टर, बॅटरी यांची वॉरंटी त्या त्या कंपनीची. ती मिळायला बिल तुमच्या नावावर आणि सिरीयल नंबरसकट हवं. नाहीतर प्रत्येक वेळी डीलरच्या दारात उभं राहावं लागतं. आणि बॉडी, छत, पाण्याची लाईन, वायरिंग यांची वॉरंटी फक्त बांधणाऱ्याची. अंतराचा त्रास होतो तो या तिसरीत. बेंगळुरूवाल्यांना स्पष्ट विचारा: कोल्हापुरातल्या माणसाकडून दुरुस्त करून घेतलं तर बिल द्याल का? किती रकमेपर्यंत? हे ईमेलवर लिहून घ्या. लिहून द्यायला तयार असतील तर मी बेंगळुरूला नाही म्हणणार नाही.

"तयार उभी" आणि स्वस्त, हे वाचून मला एक शंका आली. ती डेमो गाडी तर नाही ना? केए, म्हणजे कर्नाटकचा, नंबर आधीच पडला असेल तर ती कायद्यानं जुनी गाडी. मग तिकडच्या आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला) फॉर्म २८ वर, नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०, गाडीवर कर्ज असेल तर ते उतरवायला बँकेचा फॉर्म ३५, इथं महाराष्ट्राचा कर नव्यानं भरायचा आणि तिकडच्या कराचा परतावा मागत बसायचं. नंबर पडलेला नसेल तर सोपं आहे. तात्पुरत्या नोंदणीवर गाडी घरी आणायची आणि कोल्हापूरच्या आरटीओत कर भरून पासिंग करायचं. टायरची तारीखही बघा. टायरच्या कडेला चार आकडी कोड असतो. २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. नवी म्हणून विकलेल्या गाडीला तीन वर्षांचे टायर असतील तर ती कधीपासून उभी आहे ते आपोआप कळतं.

गाडी बघायला जाल तेव्हा घाई नको. साध्या नळीनं छतावर अर्धा तास पाणी सोडायला सांगा आणि मग प्रत्येक कपाटात हात घालून कोपरे चाचपा. प्रेशर वॉशर नको, तो चांगल्या रबरातूनही पाणी घुसवतो. भिंतींवर बोटांनी टकटक करा. ओल धरलेलं प्लाय बद्द वाजतं. गॅसची जागा वाकून बघा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळाला तर खाली साचतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारी झरोक्याची जाळी हवीच. वर जाळी असून उपयोग नाही. ती नसेल तर बाकी काही न बघता उठा.

विजेबद्दल डीलर जे सांगतात ते गुणाकार करून पडताळा. १२.८ व्होल्टची १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी म्हणजे साधारण १२८० वॅट-अवर. एक टनाचा एसी तासाला हजाराच्या आसपास वॅट-अवर घेतो. म्हणजे एका बॅटरीवर सव्वा तास, रात्रभर नाही. सासूबाईंना उकाडा सोसत नसेल तर मुक्कामाच्या जागी वीज आहे का हे आधी विचारावं लागेल, किंवा बॅटऱ्या वाढवाव्या लागतील, आणि बॅटऱ्या वाढल्या की वजनही वाढतं.

वजन हा विषय कुणी काढत नाही. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. शंभर लिटरची टाकी, पाच माणसं, सामान, सिलिंडर, बॅटऱ्या धरा. आपल्याकडं साखर कारखान्यांमुळं वजनकाटे पावलापावलावर आहेत, त्याचा उपयोग करा. टाकी भरून, सगळे आत बसून काट्यावर घ्या आणि आरसीवरच्या एकूण वजनाशी ताडा. मग फक्त मागची चाकं काट्यावर ठेवून पुन्हा बघा, कारण टाकी आणि पलंग मागं असले तर मागच्या ॲक्सलवर सगळा भार येतो. जवळच्या विक्रेत्याकडून घेण्याचा मोठा फायदा इथं आहे. गाडी भरून पन्हाळ्यावर चढवून उतरवता येते. उतरताना ब्रेक तापून वास येतो का, वळणावर गाडी झुलते का, हे वीस किलोमीटरवर कळतं. बेंगळुरूच्या सपाट रस्त्यावर ते कळणार नाही.

तरीही बेंगळुरूच ठरलं, तर शेवटचे दहा टक्के हातात ठेवा आणि पहिली रात्र डीलरच्या आवारातच काढा. सगळे. स्वयंपाक करा, अंघोळ करा, टॉयलेटची कॅसेट (मैल्याची काढता येणारी टाकी) स्वतः रिकामी करून बघा. सासूबाईंना पायरी चढायला लावा. दारातली पायरी उंच असेल तर तिथंच दुसरी पायरी आणि दांडा बसवून घ्या, घरी आल्यावर ते राहून जातं. सकाळी जे सापडेल त्याची यादी त्यांच्या सहीनं घ्या आणि दुरुस्त झाल्यावरच बाकी पैसे द्या. विम्यात आतल्या कामाची किंमत धरली आहे का तेही तिथंच बघा, नुसत्या चेसिसच्या किमतीचा विमा उपयोगाचा नाही.

वाद झालाच तर बेंगळुरूला खेटे घालायची गरज नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रारदार जिथं राहतो तिथंच तक्रार करता येते, आणि दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर ती कोल्हापूरच्या जिल्हा आयोगात चालते. व्यवहाराआधीच हे शांतपणे डीलरच्या कानावर घाला.

ओढायच्या कॅराव्हॅनबद्दलही तुम्ही विचारलंय. माझं मत नको असं आहे. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत किती वजन ओढता येतं ते लिहिलेलं नसेल तर विषय तिथंच संपला. लिहिलेलं असलं तरी ट्रेलर मागं घेणं सोपं नाही. उसाची जोडट्रॉली कारखान्याच्या गेटात मागं घेणारे आपले ट्रॅक्टरवाले बघा, त्यामागं कित्येक हंगामांचा सराव असतो.

एक राहिलंच. पावसाळ्यात गाडी कुठं लावणार? २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी कुठवर आलं ते आपण पाहिलंय. तुमच्याकडं पाणी येत नाही म्हणता, चांगलं आहे. पण गेटची उंची आणि गल्लीतल्या वायरी मोजून मगच छतावरच्या एसीची ऑर्डर द्या.

बॉडीवाल्याकडून मंजुरीपत्राची प्रत मिळाली की मला दाखवा, सोबत वाचू. ती खरी असेल तर गाडी गोकुळ शिरगावातच बांधून घ्या, पावणेदोन लाख जास्त गेले तरी.