फॉरवर्ड की इन्क्लूड? आधी बघ, उत्तर सुटलंय का

प्रश्न दोनदा वाचला. म्हणजे असं आहे ना, चवथीला माटोळीचं (गोव्यात गणपतीच्या वर टांगतात त्या फळाफुलांच्या चौकटीचं) सामान घरपोच देणाऱ्या साइटचा तुझा कॉलेज प्रोजेक्ट, यादीचं एक जेएसपी पान (जावा सर्व्हरवर तयार होणारं वेब पान), वर हेडर इन्क्लूड केलंय, खाली लूप लावून वस्तू छापतोयस आणि यादी छापून झाल्यावर तपासतोयस की ऑर्डर घेणं बंद झालंय का, झालं असेल तर 'बंद' नावाच्या पानाला फॉरवर्ड. दहा वस्तू होत्या तोवर मस्त चाललं, मग आजीने आंबाडे, कांगलां, तोरिंजन, सुपारी असं सांगत सांगत यादी साठवर नेली आणि इल्लीगलस्टेटएक्सेप्शन ही एरर आली. आता विचारतोयस की फॉरवर्डच्या जागी इन्क्लूड टाकलं तर एरर जाते, तर तेच ठेवू का.

नको ठेवू. एरर जाईल, पण गिऱ्हाइकाला आधी साठ वस्तूंची अख्खी यादी बटणांसकट दिसेल आणि तिच्या शेपटीला "ऑर्डर बंद" अशी पाटी. तो पाटीपर्यंत स्क्रोल करायच्या आधीच नारळ मागवून मोकळा.

दोन्ही गोष्टी रिक्वेस्टडिस्पॅचरच्याच (सर्व्हरच्या आतल्या आत दुसऱ्या पानाकडे काम देणाऱ्याच्या) आहेत म्हणून गोंधळ होतो. वास्कोचा दामोदर सप्ताह बघितला असशील, चोवीस तास भजन खंडत नाही पण गाणारे बदलत राहतात. एका पथकाची पाळी झाली की ते उठतं आणि पुढे जे काय गायचं ते दुसरं पथक गाणार, हे झालं फॉरवर्ड. रिक्वेस्ट (ब्राउझरची मागणी) तीच, तिच्यात नाव देऊन ठेवलेली माहिती, म्हणजे अ‍ॅट्रिब्यूट तेच, ब्राउझरला तर पत्ताही नाही की आत माणूस बदलला, वर यूआरएल जुनीच दिसते. इन्क्लूड म्हणजे पाळी आपलीच, फक्त मध्येच पाहुण्याला म्हटलं की बाबा एक गवळण होऊन जाऊ दे, ती झाली की सूर परत आपल्याकडे. फॉरवर्डमध्ये आधीच्या पानाने बफरमध्ये जे लिहून ठेवलं असेल ते टाकून दिलं जातं आणि पुढचं पान कोऱ्या पाटीवर सुरू होतं. पण सूर एकदा लोकांच्या कानावर पडला की तो परत घेता येत नाही, आणि तुझी अडचण नेमकी तीच आहे.

जेएसपी पान जे छापतं ते सरळ ब्राउझरकडे जात नाही, आधी बफरमध्ये साठतं. तू काहीच सांगितलं नाहीस तर हा बफर किमान ८ केबीचा, आणि भरला की आपोआप फ्लश होतो, म्हणजे आतलं सगळं ब्राउझरकडे सुटतं. आता हिशोब कर. तुझी एका वस्तूची ओळ, फोटोचा टॅग, दर, बटण सगळं धरून दीडशे अक्षरांच्या घरात असणार. दहा वस्तू म्हणजे दीड हजार, वर हेडर धरला तरी बफरमध्ये आरामात बसतात, मग फॉरवर्ड म्हटलं की ते सगळं पुसून नवीन पान निघतं आणि आपल्याला वाटतं वा, चाललं. साठ वस्तू म्हणजे नऊ हजार, बफर मध्येच भरून फ्लश झाला, आता पुसायचं काय? म्हणून कंटेनर (ही पानं चालवणारा सर्व्हर) एक्सेप्शन फेकतो. तुझा कोड दहा वस्तूंनासुद्धा चुकीचाच होता, फक्त तेव्हा दिसत नव्हता.

कोणीतरी येऊन सांगेलच की पेज डिरेक्टिव्हमध्ये (पानाच्या सेटिंगच्या ओळीत) बफर ६४ केबी कर. होईल, चालेल, आणि पुढच्या चवथीला यादी अजून वाढली की परत बोंब.

अजून एक बघ, हेडर इन्क्लूड करताना तू फ्लश इक्वल टू ट्रू लिहिलंयस का? जुन्या नोट्समधून उचललं असशील तर नक्की असणार, कारण जेएसपी १.१ मध्ये ते लिहिणं सक्तीचंच होतं, फॉल्स चालायचं नाही. १.२ पासून ती सक्ती गेली आणि काही लिहिलं नाही तर फॉल्स धरतात. ट्रू ठेवलं की हेडरच्या आधीच बफर रिकामा होतो, मग त्याच्या खाली कुठेही फॉरवर्ड लिहिलं तर दहा काय, एक वस्तू असली तरी फुटेल. तुझं दहा वस्तूंना चालत होतं म्हणजे बहुतेक नाहीये, तरी बघून घे.

आता करायचं काय. ऑर्डर चालू की बंद हे ठरवायची जागा यादीच्या पानात नाहीच. एक सर्व्हलेट (रिक्वेस्ट घेणारा जावा क्लास) लिही, यादीची लिंक त्याच्याकडे जाऊ दे, त्याने तारीख तपासायची, सामान डेटाबेसमधून काढून रिक्वेस्टच्या अ‍ॅट्रिब्यूटमध्ये ठेवायचं, आणि एक अक्षरही न छापता यादीच्या नाहीतर बंदच्या पानाला फॉरवर्ड करायचं. पानांनी फक्त छापायचं, आणि छापताना हेडर फूटर इन्क्लूड करायचे. दोन्ही जेएसपी वेब-इन्फ फोल्डरच्या आत टाक, तिथलं पान कोणी यूआरएल टाइप करून उघडू शकत नाही पण फॉरवर्डला तिथे मज्जाव नाही.

आणि फॉरवर्डच्या पुढच्या ओळीवर रिटर्न लिही. कृपा करून लिही. माझं सांगतो, पूर्वी कळंगुटकडच्या एका हॉटेलचं बुकिंग करून दिलं होतं, खोली शिल्लक नसेल तर 'खोली नाही' पानाला फॉरवर्ड आणि त्याच्या खाली बुकिंग टेबलमध्ये इन्सर्ट. मला वाटलेलं फॉरवर्ड झालं म्हणजे कोड तिथेच संपला. संपत नाही! फॉरवर्ड ही साधी मेथड कॉल आहे, पुढच्या पानाचं काम झालं की कंट्रोल परत खालच्या ओळीवर येतो, छापलेलं काही ब्राउझरपर्यंत जात नाही म्हणून कळत नाही एवढंच, बाकी कोड धावतोच. गिऱ्हाइकाला दिसायचं खोली नाही आणि आत त्याच्याच नावाने बुकिंग पडायचं. ऐन डिसेंबरात. मॅनेजर वही आणि स्क्रीन समोरासमोर धरून माझ्याकडे बघत होता ते अजून डोळ्यासमोर आहे, आणि चूक एका शब्दाची होती.

इन्क्लूडचीही एक खोड सांगून ठेवतो, कारण तू पुढे लिहिलंयस की मराठी/कोंकणी निवडीची कुकी हेडरच्या पानात सेट करणार आहेस. ती सेट होणार नाही. इन्क्लूड झालेल्या पानाला रिस्पॉन्सचे हेडर (पानाच्या वरचा भाग नव्हे, उत्तरासोबत जाणारी माहिती, कुकी त्यातूनच जाते) किंवा स्टेटस बदलायचा अधिकारच नाही, बदलायला गेलं तर कंटेनर गुपचूप दुर्लक्ष करतो, एरर नाही काही नाही, आणि आपण अर्धा दिवस ब्राउझरची सेटिंग बघत बसतो. कुकी सर्व्हलेटमध्येच टाक, फॉरवर्डच्या आधी.

फूटरमधलं मराठी कचऱ्यासारखं दिसतंय म्हणालास तेही इथलंच. मुख्य पानावर यूटीएफ-८ लिहिलंस म्हणून इन्क्लूड केलेल्या फाइलला ते लागू होत नाही, प्रत्येक जेएसपी फाइलला स्वतःचं पेजएन्कोडिंग लागतं, नसेल तर ती आयएसओ-८८५९-१ समजून वाचली जाते आणि आपली देवनागरी मातीत जाते. हे इन्क्लूड अ‍ॅक्शनला लागू आणि इन्क्लूड डिरेक्टिव्हलाही. दोघांत फरक एवढाच की डिरेक्टिव्ह पान कंपाइल होतानाच मजकूर आत चिकटवतं, त्यामुळे दोन्हीकडे एकाच नावाचा व्हेरिएबल असेल तर भांडण, आणि अ‍ॅक्शन दर रिक्वेस्टला ते पान वेगळं चालवते, तिथे व्हेरिएबल एकमेकांना दिसत नाहीत, अ‍ॅट्रिब्यूटमधूनच पाठवावे लागतात. मी न बदलणाऱ्या फूटरला डिरेक्टिव्ह लावतो, बाकी अ‍ॅक्शन.

बंदच्या पानावर फोटो दिसत नाहीत म्हणालास, त्याचं कारण फॉरवर्ड आहे, पण दोष त्याचा नाही. ब्राउझरला अजून जुनीच यूआरएल माहीत आहे ना, मग रिलेटिव्ह पाथ तो तिथूनच मोजणार. कॉन्टेक्स्ट पाथपासून (आपल्या अ‍ॅपच्या मुळापासून) पूर्ण पत्ता दे.

आता तू न विचारलेलं, पण तुझ्या कोडमध्ये दिसलेलं. ऑर्डरचा फॉर्म पोस्ट झाल्यावर 'धन्यवाद' पानाला फॉरवर्ड करतोयस. तिथे दोन्ही नकोत, रीडायरेक्ट कर. फॉरवर्ड केलंस तर ब्राउझरच्या हिशोबाने शेवटची रिक्वेस्ट म्हणजे तो पोस्टच, माणसाने रिफ्रेश मारून येणाऱ्या सूचनेला हो म्हटलं की ऑर्डर दुसऱ्यांदा, आणि एका घरी दोन माटोळ्यांचं सामान. सेंडरीडायरेक्टने ब्राउझरला ३०२ जातो, तो स्वतःहून नवीन पत्त्यावर गेट घेऊन येतो, मग रिफ्रेश कितीही मारो. फक्त रिक्वेस्टमधले अ‍ॅट्रिब्यूट तिथे पोचत नाहीत, ऑर्डर नंबर यूआरएलमधून नाहीतर सेशनमधून ने. रीडायरेक्टही उत्तर सुटायच्या आधीच करावं लागतं, आणि त्याच्याही खाली रिटर्न.

लॉगिन तपासायला फिल्टर (रिक्वेस्ट पानापर्यंत पोचायच्या आधी चालणारा कोड) लावलायस तो फॉरवर्डला चालत नाही, बाय डिफॉल्ट फक्त बाहेरून आलेल्या रिक्वेस्टला चालतो, आतल्या फॉरवर्डलाही हवा असेल तर डिस्पॅचर म्हणून मॅपिंगमध्ये लिहावं लागतं. तुला सध्या गरज नाही कारण सर्व्हलेटवर तो लागतोयच.

एवढं बदल आणि टेस्ट साठ वस्तूंवर कर, दहावर नको. आणि फुटलंच तर नुसतं एक्सेप्शनचं नाव देऊ नकोस, स्टॅक ट्रेस (एररखाली येणारी ओळींची यादी) पूर्ण टाक, मी रात्री पर्वरीहून फोंड्याला पोचलो की बघतो.