'रेड हेरिंग' म्हणजे चकवा, पण दर वेळी नाही

प्रश्न असा आला आहे: रहस्यकथेच्या परीक्षणात 'रेड हेरिंग' म्हणजे वाचकाला भलत्याच वाटेला लावणारा धागा, मग अर्थविषयक पानावर 'रेड हेरिंग प्रॉस्पेक्टस' (समभाग विक्रीला काढण्याआधीचं कंपनीचं प्राथमिक माहितीपत्रक) कसं? दिशाभूल करणारं पत्रक कंपनी राजरोस छापते की काय? आणि मराठीत याला म्हणायचं काय?

आधी मासा. हेरिंग हा उत्तर अटलांटिकमधला चंदेरी मासा, आपल्या तारलीच्या जातकुळीतला. (शाळेत असताना 'हेरणे'शी याचं काहीतरी नातं असणार अशी माझी पक्की समजूत होती. नाही.) भरपूर मीठ लावून दिवसेंदिवस धुरी दिली की तो तांबूस होतो आणि त्याला उग्र वास सुटतो. खारा बांगडा चुलीत भाजला की आळीभर कळतं, तसंच काहीसं.

हा वास शिकारीत कामाला यायचा असं म्हणतात. इंग्लंडमधल्या सतराव्या शतकातल्या शिकारीच्या पुस्तकांत असा मासा फरफटत नेऊन माग तयार करण्याचा उल्लेख आहे खरा, पण तो घोड्यांना कुत्र्यांमागे धावायची सवय लागावी म्हणून. कुत्र्यांना चकवण्याची गोष्ट लोकप्रिय केली ती विल्यम कॉबेट या पत्रकाराने, 1807 साली. नेपोलियनचा पराभव झाल्याच्या खोट्या बातमीमागे इंग्रजी वृत्तपत्रं धावली आणि घरचे प्रश्न बाजूला पडले, म्हणून तो चिडला होता. लहानपणी आपण असा मासा ओढत नेऊन कुत्र्यांना सशाच्या मागावरून हटवलं होतं, असा किस्सा त्याने सांगितला. किस्सा बहुधा रचलेला. म्हणजे दिशाभुलीच्या या शब्दाची जन्मकथाच थोडी दिशाभूल करणारी!

वापरताना एक गोष्ट सुटते. रेड हेरिंग म्हणजे थाप नव्हे. ती गोष्ट शंभर टक्के खरी असू शकते, फक्त मुद्द्याची नसते. सोसायटीच्या सभेत टाकीच्या गळतीचा हिशेब विचारला आणि सचिव म्हणाले, "आधी पार्किंगमध्ये कोण कशाही गाड्या लावतं ते बोला." गाड्या खरोखरच वेड्यावाकड्या असतात. पण हिशेब राहिला ना!

म्हणून 'भूलथाप' मला पटत नाही, त्यात खोटेपणा गृहीत आहे. 'दिशाभूल' चालेल, पण तो परिणाम झाला, वस्तू नव्हे. रहस्यकथेसाठी 'चकवा' फार नेमका: रानात चकवा लागला की माणूस रात्रभर चालतो आणि पहाटे पुन्हा त्याच झाडाखाली येतो. ज्या काकांवर आपण दीडशे पानं संशय घेतला ते काका म्हणजे चकवा. वादविवादात मात्र सरळ 'फाटे फोडू नका' म्हणावं.

आता प्रॉस्पेक्टस. इथे माशाचा वास नाही, नुसता रंग आहे. अमेरिकेत अशा प्राथमिक पत्रकाच्या मुखपृष्ठावर 'हे अंतिम नव्हे' अशी सूचना लाल शाईत छापत, त्यावरून हे नाव पडलं. आपल्याकडे 2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 32 मध्ये ही संज्ञा आहे: ज्या पत्रकात समभागांची संख्या किंवा किंमत पूर्णपणे दिलेली नसते ते. विक्री खुली होण्याच्या किमान तीन दिवस आधी ते कंपनी निबंधकाकडे दाखल करावं लागतं. अपुरं आहे हे ते स्वतःच सांगतं, म्हणून तिथे 'चकवा' लिहू नका. 'रेड हेरिंग प्रॉस्पेक्टस' असंच राहू द्या.