आधी डबी, मग हेडफोन

प्रश्न : मी शिक्षक आहे. परभणीत वसमत रोडला दोन खोल्यांत भाड्यानं राहतो. घरात आई, बायको आणि सात महिन्यांचं लेकरू. माझ्याकडे इलेक्ट्रिक गिटार आणि दहा वॅटचा, गिटारचा आवाज मोठा करणारा छोटा अ‍ॅम्प आहे, पण हात लावायला सवड मिळते ती रात्री साडेदहानंतर. दुकानदार ब्लूटूथ हेडफोन घ्या म्हणतो. मित्र म्हणतो, ओपन-बॅकच घे, आवाज मोकळा येतो. हाताशी पाच हजार आहेत. काका, कोणता घेऊ?

उत्तर : सर, दोघांचंही ऐकू नका. दुकानदाराचं तर मुळीच नको.

लांबच्या रानात कुणी लाकूड फोडत असला की कुऱ्हाडीचा घाव आधी दिसतो आणि आवाज मागून येतो. ब्लूटूथचं तसंच आहे. साध्या ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज पोचायला सेकंदाचा पाचवा हिस्सा सहज जातो. गाणं ऐकताना हे जाणवत नाही. स्वतः वाजवताना मात्र अ‍ॅम्प जवळजवळ 69 मीटरवर ठेवल्यासारखं होतं, कारण हवेत आवाज एका सेकंदात सुमारे 343 मीटर जातो. मग बोटं आवाजाची वाट बघू लागतात आणि ताल मागे मागे सरकतो. गिटारसाठी मुद्दाम बनवलेले बिनवायरचे हेडफोन असतात, त्यांत हा उशीर फार कमी असतो, पण ते तुमच्या पाच हजारांत बसणार नाहीत. तुम्ही वायरवालाच घ्या.

ओपन-बॅकचा आवाज मोकळा येतो हे खरं, पण तो बाहेरही तितकाच मोकळा जातो. पाठीला जाळी असते ना. शेजारी लेकरू झोपलेलं असताना उशाशी बारीक रेडिओ लावल्यासारखं होईल. म्हणून बंद पाठीचा, आख्खा कान झाकणारा घ्या.

आता खरी गोष्ट. गिटार आणि हेडफोन यांच्यामध्ये काय आहे, ते तुम्ही लिहिलंच नाही. गिटारच्या पिकअपमधून, म्हणजे तारांखालच्या चुंबकाच्या पट्टीतून, निघणारा करंट इतका नाजूक असतो की हेडफोन थेट लावला तर ऐकू येईल न येईल असा आवाज येतो. तुमच्या अ‍ॅम्पवर हेडफोनचं चिन्ह असलेलं भोक आहे का बघा. बहुतेक छोट्या अ‍ॅम्पना असतं, आणि त्यात पिन घातली की स्पीकर आपोआप बंद होतो. पण मागच्या बाजूला ‘स्पीकर’ असं लिहिलेलं भोक असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका. लातूरला गंजगोलाईजवळ मी दुकान टाकलं, त्याच्या दुसऱ्याच वर्षी एका गिऱ्हाइकाच्या व्हॉल्ववाल्या, म्हणजे जुन्या काचेच्या नळ्यांच्या, अ‍ॅम्पला हा उद्योग मी स्वतः केला. हेडफोनचा एक कान जागेवर गेला. व्हॉल्वच्या अ‍ॅम्पला पुढे स्पीकरचा भार लागतोच, तो मिळाला नाही म्हणून आउटपुट ट्रान्सफॉर्मरही गेला. अ‍ॅम्प त्याचा, भुर्दंड माझा.

भोक असलं तरी एक अडचण राहते. गिटारच्या अ‍ॅम्पचा स्पीकर 5 हजार हर्ट्झच्या पुढचं, म्हणजे फार उंच पट्टीचं, फारसं काही वाजवतच नाही. डिस्टॉर्शनची, म्हणजे मुद्दाम फाटक्या केलेल्या आवाजाची, धार तोच बोथट करतो. हेडफोन मात्र 20 हजारांपर्यंत सगळं इमानदारीनं ऐकवतो, आणि मग डबीत भुंगा कोंडल्यासारखा आवाज येतो. लोक हेडफोनला शिव्या देतात, महागातला आणतात, तोही भुणभुणतो. म्हणून मध्ये स्पीकरची नक्कल करणारं काहीतरी हवं. काही अ‍ॅम्पमध्ये ते आतच असतं. नसेल तर व्हॉक्सच्या अ‍ॅमप्लगसारखी डबी बघा. ती गिटारच्याच जॅकमध्ये बसते, दोन बारीक सेलवर चालते आणि मोबाइलवरचं गाणंही तिच्यात सोडता येतं. आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही, त्या हिशेबानंही बरी. शिवाय जुन्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर अ‍ॅम्प लावला की जी घरघर येते, तीही सेलवर पुष्कळ टळते.

तेव्हा सर, पैसे आधी डबीला ठेवा आणि उरतील त्यात हेडफोन बसवा. त्याच्या खोक्यावर ओहमचा, म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचा, आकडा बघायला विसरू नका. दोन सेलच्या डबीत दम कमी, म्हणून 32 ते 64 ओहमच्या आसपासचा घ्या. ऑडिओ-टेक्निकाचा एम20एक्स 47 ओहमचा आहे, एम40एक्स 35 चा. बेयरडायनॅमिकचा डीटी 770 प्रो 32, 80 आणि 250 अशा तिन्ही आकड्यांत येतो. स्वस्त मिळाला म्हणून कुणी 250 चा गळ्यात मारत असेल तर घेऊ नका, तो डबीवर कुजबुजेल. मला विचाराल तर पैसे साठवून एम40एक्स घ्यावा, कारण त्याची वायर काढता येते. एम20एक्सची येत नाही. माझ्या टेबलावर येणारे बहुतेक हेडफोन वायरीपायीच येतात. एकदा खुर्चीच्या चाकाखाली आली की झालं.

कानाच्या गाद्या रेक्झिनच्या असतील तर आपल्या दोन उन्हाळ्यांत घामानं त्यांचे पापुद्रे निघतात. बदलून मिळतात का, ते घेतानाच विचारा.

आणि कूलर. एप्रिल-मेमध्ये त्याच्या घोंघाटावर मात करायला हात आपोआप आवाजाच्या बटणाकडे जातो. कूलर बंद असताना आवाज जुळवा आणि मग त्या बटणाला हात लावू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं 80 डेसिबलला आठवड्याचे 40 तास चालतात. 3 डेसिबल वाढले की तास निम्मे. वाजवून उठल्यावर कानात शिट्टी वाजत असेल तर तुम्ही बरंच पुढे गेलात.

पायाखाली सतरंजी मात्र घाला. मी हेडफोन लावून निवांत वाजवत होतो, आणि सकाळी खालचे भाडेकरू विचारतात, “रात्रभर काय ठोकालाव वो काका?” गिटार त्यांना ऐकूच आली नव्हती. मी पायानं ताल धरला होता.

प्रश्न : अ‍ॅम्पला हेडफोन लावला की एकाच कानात आवाज येतो. मोबाइलवर दोन्ही कान चालतात. हेडफोन बिघडला का? (अंबाजोगाई)

उत्तर : नाही. अ‍ॅम्पचं भोक मोनो, म्हणजे एकाच वाहिनीचं, आहे किंवा हेडफोनच्या बारीक पिनेवर चढवलेला मोठा जॅक मोनो आहे. जॅकवरच्या काळ्या रेघा मोजा. एक असेल तर मोनो, दोन असतील तर स्टिरिओ. जॅक दोन रेघांचा असूनही एकच कान वाजत असेल तर भोकच मोनो समजा. तिथे मोनोचा स्टिरिओ करणारा अडॅप्टर लावा. रेडिओ दुरुस्तीच्या कुठल्याही दुकानात मागा, आणि घेण्याआधी हेडफोन सोबत नेऊन तिथेच लावून बघा.