मोकळा कुत्रा, काठीचा एक फटका आणि शेजाऱ्यांची धमकी

प्रश्न (त्रिमूर्तीनगर, नागपूर): सकाळी माझ्या लॅब्राडॉरला पट्ट्याने धरून फिरवत असताना शेजाऱ्यांचा मोकळा जर्मन शेफर्ड अंगावर आला. दोघांना सोडवताना माझ्या मनगटाला चावा बसला, माझ्या कुत्र्याचा कान फाटला आणि मी शेफर्डला काठीचा एक फटका मारला. शेजारी म्हणतात, कुत्रा आमचा नाही, आम्ही फक्त पोळी घालतो. आणि त्याला लंगडे केले म्हणून पोलिसांत जाण्याची धमकीही देतात. मी काय करावे?

उत्तर: तुमची तक्रार कानापासून नव्हे, मनगटापासून सुरू झाली पाहिजे. भारतीय न्याय संहितेचे कलम 291 हे ताब्यातील प्राण्यापासून माणसाच्या जिवाला किंवा त्याला गंभीर दुखापत होण्याचा जो संभाव्य धोका असतो, तो टाळण्यासाठी पुरेशी खबरदारी न घेणाऱ्याला लागू होते (शिक्षा 6 महिन्यांपर्यंत कैद, किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही). त्यात दुसऱ्या कुत्र्याच्या जखमेचा उल्लेख नाही. गुन्हा दखलपात्र आहे. मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत दाखवले असेल तर ‘कुत्रा चावला’ अशी नोंद असलेला केसपेपर जपून ठेवा. खासगी डॉक्टरांकडे गेला असाल तर तशीच नोंद मागून घ्या, आणि रेबीजच्या लसीचे सर्व डोस वेळेवर घ्या.

खरा वाद ‘ताबा’ या शब्दावर होईल. गळ्यातला पट्टा, लसीकरणाचे कार्ड, महापालिकेचा परवाना, रात्री कुत्रा कुणाच्या फाटकाआड असतो हे सांगणारा दूधवाला, यांपैकी जे मिळेल ते आजच जमवा. गंमत अशी की शेजाऱ्यांनी ‘माझ्या कुत्र्याला मारले’ अशी तक्रार दिलीच, तर ताब्याची कबुली त्यांच्याच सहीने तुमच्या हाती येईल; त्यामुळे धमकीला तोंडी उत्तर देऊ नका.

त्या धमकीत दम कमी आहे. जनावराला ठार मारणे किंवा निकामी करणे हा कलम 325 खालचा गुन्हा ठरण्यासाठी नुकसान करण्याचा हेतू किंवा जाणीव लागते. तुमचा खरा आधार कलम 19 आहे : मोठी हानी टाळण्यासाठी, गुन्हेगारी हेतूशिवाय, सद्भावनेने केलेली कृती गुन्हा नाही. खासगी बचावाच्या हक्कावर मी विसंबणार नाही, कारण तो गुन्ह्याविरुद्ध असतो आणि कुत्रा गुन्हा करत नाही. मात्र कुत्रा मागे हटल्यावर दुसरा फटका मारला असेल, तर ते मला आधी सांगा; प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, 1960 तिथे आड येऊ शकतो.

कानाच्या टाक्यांचा खर्च दिवाणी मार्गाने मागावा लागेल. पशुवैद्याचे बिल आणि जखमेचे फोटो जोडून आधी वकिलामार्फत नोटीस पाठवा.